चाकाला लागलेला चुना

खंडेनवमीला जळगावात कुठल्याही कॉलनीतून एक चक्कर मारून या. घरोघरी गाड्या धुणं चाललेलं असतं. बादली, मग, जुनी बनियन, आणि पाठीवर ऑक्टोबरचं ऊन. झेंडूची माळ बॉनेटवर चढायच्या आत गाडी चकचकीत झाली पाहिजे, हा घरच्या कर्त्या माणसाच्या इभ्रतीचा प्रश्न. आणि दरवर्षी तासाभरात तेच होतं. गाडी वाळते आणि चाकांवर पांढरी वर्तुळं उमटतात. रांगोळीचे ठिपके काढावेत तशी, एकेका थेंबाचं एकेक.

आमच्या नानांनी (म्हणजे वडिलांनी) रिटायरमेंटनंतर हौसेनं ॲलॉय व्हीलवाली गाडी घेतली. ठिपके जाईनात म्हणून एका वर्षी ती वॉशिंग सेंटरवर दिली. तिथल्या पोराने बाटलीतलं काहीतरी ब्रशने पुढच्या दोन चाकांना फासलं. एका मिनिटात ठिपके गायब! नाना खूश. पण महिनाभरात त्या चाकांची चमक गेली, पुढच्या पावसाळ्यात वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला आणि खाली राखेच्या रंगाचे चट्टे दिसायला लागले. बाटलीत काय होतं ते वासावरून मला नंतर कळलं. संडास-बाथरूमच्या फरशीला वापरतात तेच ॲसिड. नानांनी कुणाशी भांडण केलं नाही. फक्त त्या दिवसापासून गाडी लावताना पुढची चाकं भिंतीकडे करून लावतात.

मागची दोन चाकं वाचली होती. ती कशी वाचवायची, या साध्या प्रश्नाने सुरुवात झाली आणि मी नेहमीप्रमाणे भरकटत खानदेशच्या इतिहासात जाऊन पोचलो. (बग शोधताना असंच होतं. एक ओळ दुरुस्त करायला बसावं आणि दहा वर्षांपूर्वीचा कोड वाचत रात्र जावी.)

आधी डाग म्हणजे काय ते बघू. पाणी उडून जातं, पण पाण्यात विरघळलेलं उडत नाही. आमच्या बोअरच्या पाण्याची जडता तपासून घेतली तर लिटरमागे साधारण ४०० मिलिग्रॅम निघाली. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक २०० म्हणतं, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे आमचं पाणी 'चालवून घेण्यातलं'. आता हिशेब करा. पंधरा लिटरच्या बादलीत सहा ग्रॅम चुनखडी. चहाचा चमचाभर तरी झाली! बादली दिसते स्वच्छ, आणि आपण गाडीवर अतिशय पातळ निवळी ओतत असतो.

एका थेंबाचाही हिशेब केला. चाकावर पाच-सहा मिलिमीटर पसरलेला थेंब वाळला की मागे राहणारा थर सरासरी मिलिमीटरच्या दोन-तीन हजाराव्या भागाइतका. तो दिसायलाच नको. पण थेंब वाळताना कडेला लवकर वाळतो, कडेची तूट भरायला मधलं पाणी कडेकडे धावतं, आणि सगळा ऐवज कडेला नेऊन टाकतं. म्हणून ठिपका भरीव नसतो, कडं असतं. टेबलावर सांडलेल्या कॉफीच्या डागाचंही हेच. शिकागो विद्यापीठातल्या मंडळींनी १९९७ साली 'नेचर'मध्ये याचं स्पष्टीकरण छापलं. तोपर्यंत माणसं शेकडो वर्षं कॉफी सांडत होती, पण कुणाला हा प्रश्न शास्त्रीय वाटला नव्हता. असो.

तर हा चुना येतो कुठून? आपल्या पायाखालून. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. पावसाचं पाणी मातीतून खाली उतरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि दगड हळूहळू झिजवत जातं. तापीकाठच्या गाळात आणि काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे हा त्याच कारभाराचा मुक्काम. पूर्वी हेच खडे भट्टीत भाजून बांधकामाचा चुना करत. गढी, वाडे, बारवा, सगळ्यांचे दगड धरून ठेवणारा चुना आणि माझ्या चाकावरचा ठिपका, रसायन एकच. वरून वऱ्हाडातली पूर्णा येते. तिच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. तीच पूर्णा चांगदेवला तापीला मिळते.

पण इथेच माझं गाडं अडलं. दगड जर साडेसहा कोटी वर्षांचा, तर चाकावरचे डाग आजचेच कसे? आजोबांच्या बैलगाडीला नव्हते ते?

बैलगाडीचं चाक आणि पाणी यांची तर दोस्ती होती. लाकडी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आणि बाहेरून लोखंडी धाव. लोहार धाव लालबुंद तापवून चाकावर चढवायचा आणि वर पाणी ओतायचा. लोखंड आकसलं की सगळं चाक आवळून बसायचं. उन्हाळ्यात लाकूड वाळून आरे खडखडायला लागले की शेतकरी मुद्दाम गाडी नदीच्या पात्रात नेऊन उभी करायचा. लाकूड फुगलं की चाक पुन्हा घट्ट. तिथे डाग पडले तरी बघतो कोण? आणि ते पाणी असायचं नदीचं, वाहतं, बोअरपेक्षा कितीतरी मऊ.

खानदेशात वाहत्या पाण्याचा कारभारही मोठा देखणा होता. धुळ्याच्या बाजूला पांझरेवर, आणि नाशिककडे मोसम-आरमवर, फड पद्धत चालायची. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाळीपाळीने पिकं फिरवायची. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, तंटा मिटवायला पंच. ही व्यवस्था तीन-चारशे वर्षं जुनी मानतात. १८१८ नंतर इंग्रज आले, धुळ्याला मुख्य ठाणं झालं, १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले (तेच पुढे जळगाव आणि धुळे), तरी पांझरेचे फड चालूच होते. त्या पाण्यात चुना नव्हता असं नाही. पण पावसाचं बरंचसं पाणी जमिनीवरूनच वाहून यायचं, दगडाशी त्याची ओळख थोडक्यातली.

आडाचं पाणी जड असतं हे तेव्हाही माहीत होतंच. माहिती स्वयंपाकघरात होती. धुळ्याच्या मामांकडे गेलं की मामी डाळीत चिमूटभर पापडखार टाकायची आणि मामा सांगायचे, "आठलं पानी जड शे, भाचा." डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. प्रयोगशाळेने आकडा दिला, निदान मामीने आधीच केलं होतं. आणि उपायही घरातच होता. हंड्याला चिंच. चिंचेतलं आम्ल सौम्य, ते चुना विरघळवतं आणि तांब्याला झळाळी आणतं.

जड पाण्याने खानदेशात पहिलं मोठं आर्थिक संकट उभं केलं असेल तर ते चाकांच्याच एका दुनियेत. भुसावळला! जी.आय.पी. रेल्वे १८६० च्या दशकात इथे पोचली आणि भुसावळचं वाफेच्या इंजिनांचं शेड पुढे देशातल्या मोठ्या शेडांमध्ये गणलं जाऊ लागलं. वाफेचं इंजिन म्हणजे चाकांवर ठेवलेला हंडा. रोज हजारो लिटर पाणी उकळायचं, वाफ निघून जायची, चुना आत राहायचा. नळ्यांवर त्याची खपली बसली की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. कोळसा जास्त जळतो, आणि नळीचं लोखंड तापून कमजोर होतं. म्हणून ठरावीक दिवसांनी इंजिन थंड करून बॉयलर आतून धुवून काढणं हे प्रत्येक शेडचं बांधलेलं काम असायचं. पाणी आधीच मऊ करून घ्यायची युक्तीही तोवर निघाली होती. ॲबरडीनच्या थॉमस क्लार्कने १८४१ मध्ये पेटंट घेतलं. पाण्यातला चुना काढायचा कसा, तर पाण्यात आणखी चुना घालून! ऐकायला येडेपणा वाटतो, पण चुन्याची निवळी घातली की विरघळलेला चुना साका होऊन खाली बसतो. काट्याने काटा काढणे म्हणतात ते हेच.

या गोष्टीतलं मला आवडलेलं म्हणजे, खपली 'काढायची' कशी यापेक्षा ती 'धरू नये' यावर रेल्वेने जास्त डोकं चालवलं. हे लक्षात ठेवा, चाकाकडे येताना लागेल.

मग १९७२ चा दुष्काळ आला आणि महाराष्ट्र जमिनीखाली शिरला. बोअरची यंत्रं गावोगाव फिरू लागली, भूजल खात्याचं काम उभं राहिलं, वीजपंप आले. आडाचं पाणी पन्नास फुटांवर, बोअरचं दोनशे-तीनशेवर. रावेर-यावलच्या केळीने तर तापीकाठचं भूजल इतकं उपसलं की तिथल्या विहिरी कुठल्या कुठे खोल गेल्या. (सातपुड्याच्या पायथ्याशी तापीचं पाणी जमिनीत जिरवायच्या महापुनर्भरण योजनेचा करार मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात २०२५ च्या मे महिन्यात झाला. चर्चा त्याच्या कितीतरी आधीपासूनची.) शहरांतही तेच. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं, ते चांगलं आहे, पण रोज नाही. धुळ्यात तर नळाची वाट बघत दिवस मोजणं लोकांना नवीन नाही. मग नळाचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला, बाकी सगळं बोअरवर. गाडी 'बाकी सगळं'मध्ये येते. आमच्या घरचा पहिला बोअर आटला, दुसरा त्याच्या दुपटीपेक्षा खोल गेला, आणि पाणी अजून जड झालं. जितका काळ पाणी दगडात मुरलेलं, तितका चुना जास्त. दरवेळी असंच होतं असं नाही, पण आमच्याकडे झालं.

म्हणजे नानांच्या चाकावरचा ठिपका हा पन्नासेक वर्षांचा हिशेब आहे. नदीवरून आडावर, आडावरून बोअरवर.

आणि आता गंमत. चुना काढायचं सगळ्यात व्यवस्थित शास्त्र या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांकडेच आहे! ठिबकचा जन्म इस्राएलचा. सिम्खा ब्लास यांची कल्पना, आणि १९६५ मध्ये हात्झेरीम किबुत्झात सुरू झालेली नेटाफिम. ते तंत्र भारतात रुजवण्यात जळगावचा वाटा मोठा. १९६३ मध्ये रॉकेल विकून धंद्याला सुरुवात करणाऱ्या भवरलाल जैन यांच्या कंपनीने १९८० मध्ये पीव्हीसी पाइप आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक हातात घेतलं. ठिबकचं भोक बारीक, पाणी बोअरचं. थेंब वाळतो, चुना धरतो, ड्रीपर बंद. चाकावरच्या ठिपक्याचाच हा सख्खा भाऊ. मग ॲसिड ट्रीटमेंट करतात. पाण्यात ॲसिड (पाणी ॲसिडमध्ये नव्हे, ॲसिड पाण्यात) मापून सोडायचं, शेवटच्या ड्रीपरपाशी लिटमस कागद धरून सामू ४ च्या आसपास आला की थांबायचं, रात्रभर नळ्या तशाच भरून ठेवायच्या, सकाळी टोकं उघडून धुवून टाकायच्या. मोजमाप, वेळ, धुणं. आमच्या काकांना हे पाठ आहे. वॉशिंग सेंटरच्या पोराने वापरलं तेही हायड्रोक्लोरिक ॲसिडच, पण मोजमाप नाही, वेळ नाही, आणि मुख्य म्हणजे नळी प्लास्टिकची असते आणि चाक ॲल्युमिनियमचं असतं, याची जाण नाही.

ॲल्युमिनियम स्वस्त झालं १८८६ नंतर, हॉल आणि एरू यांनी विजेने ते वेगळं करायची रीत शोधल्यावर. १९२४ मध्ये बुगाटीने आपल्या टाइप ३५ रेसच्या गाडीला ओतीव ॲल्युमिनियमची चाकं लावली. आपल्याकडे फियाट, ॲम्बेसिडर, मारुती ८०० यांची चाकं रंगवलेल्या पत्र्याची, वर फार तर वाटी. त्यांना कुणी काही फासलं तरी फारसं बिघडत नसे. ॲलॉय व्हील मध्यमवर्गाच्या दारात आलं ते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत. या धातूचा स्वभाव विचित्र. हवेत त्यावर ऑक्साइडची पातळ साय धरते आणि तीच त्याला राखते. ही साय तीव्र आम्लातही विरघळते आणि तीव्र अल्कलीतही. म्हणजे फरशीचं ॲसिड नको, तसाच कॉस्टिक सोडाही नको. कारखान्यात चाकावर पारदर्शक लॅकर चढवतात, क्लिअर कोट. तो केसापेक्षाही पातळ. त्याला एखाद्या दगडाने चरा गेला की ॲसिड तिथून आत शिरतं आणि लॅकरच्या खालून धातू खात जातं. नानांची चाकं पावसाळ्यात सोलली गेली ती अशी.

मागच्या चाकांचं काय केलं ते सांगतो. सावलीत, चाक हाताला पूर्ण थंड लागल्यावर. (गाडी चालवून आल्या आल्या चाक धुणं हा डाग पाडायचा खात्रीचा मार्ग. ब्रेकने तापलेल्या धातूवर थेंब पडताच वाळतो.) आधी गाडीच्या शाम्पूने धूळ आणि ब्रेकची काळी पूड काढली, नाहीतर तीच पूड फडक्याखाली पॉलिश पेपरचं काम करते. मग साधं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी. आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी आधी लावून पाहिलं. काही झालं नाही, तेव्हा मऊ फडकं भिजवून डागांवर मिनिट-दोन मिनिटं नुसतं ठेवलं. घासायचं नाही. आम्लाला काम करू द्यायचं, मनगटाला नाही. वाळू द्यायचं नाही, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. जुन्या डागांना हेच तीनदा करावं लागलं. तीव्र करून एकदा नाही, सौम्य ठेवून तीनदा. व्हिनेगर नसेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व चालतं. चिंचेचा कोळ मात्र तांब्याच्या हंड्यालाच ठेवा, त्यातले चोथे आणि चिकटपणा चाकाच्या खाचांत बसतात. भांड्याची घासणी, काथ्या, पितळेची पावडर, काही नको. आणि लॅकर नसलेलं, नुसतं पॉलिश केलेलं चाक असेल तर व्हिनेगरही जपून, काही सेकंदच. ब्लीचसोबत तर कधीच नाही, विषारी वायू होतो.

क्लिओपात्राने मोती व्हिनेगरमध्ये विरघळवून प्यायला, अशी कथा प्लिनीने लिहून ठेवली आहे. मोतीही चुनखडीच. पण तेवढा वेळ बसून राहणारी राणी दिसत नाही मला, कारण मला एका चाकाला पाऊण तास लागला.

चारपाच ठिपके कशालाच दाद देत नाहीत. बेसॉल्टमधून पाण्यात सिलिकाही येतं, त्यावर व्हिनेगर चालत नाही. त्यांना बारीक पॉलिश लागतं, आणि पॉलिश म्हणजे लॅकरचा थर थोडा कमी करणं. मी ते तसेच ठेवले.

खरा प्रश्न शेवटच्या धुण्याच्या पाण्याचा. व्हिनेगर धुवायला पुन्हा बोअरचंच पाणी घेतलं की पुन्हा ठिपके. नानांनी लगेच आर.ओ.च्या नळीखालची बादली आणली. "फुकट जातं, गाडीला वापरू." थांबवलं त्यांना. आर.ओ. गोड पाणी आपल्याला देतं आणि उरलेला सगळा चुना त्या बादलीत लोटतं. तीन लिटरमधून एक लिटर प्यायला निघालं तर ४०० चं पाणी बादलीत ६०० चं होतं. फरशी पुसा, संडासात टाका, गाडीला नको. कूलरच्या टाकीतलं तर त्याहून वाईट. मेच्या अखेरीला कूलरच्या गवतावर जो पांढरा कडक थर चढतो, तो पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको.

मग ए.सी. आठवला. त्याच्या नळीतून गळणारं पाणी हवेतल्या वाफेचं, जवळजवळ डिस्टिल्ड, त्यात चुना नाहीच. पाऊस संपतानाच्या दमट दिवसांत रात्रीत अर्धी बादली सहज भरते. (कोरड्या मेमध्ये गळतच नाही म्हणा, पण दसऱ्याला पुरतं.) शेवटचे दोन मग त्याचे, लगेच कोरडं मायक्रोफायबर, आणि वर मेणाचा हात, म्हणजे पुढचा थेंब चाकावर पसरत नाही, घरंगळून जातो. भुसावळचं शहाणपण ते हेच.

गेल्या खंडेनवमीला घरी गेलो तर ए.सी.च्या नळीखाली झाकण लावलेली बादली होती आणि तिच्यावर मार्करने 'गाडी' असं लिहिलेलं. नाना स्टुलावर बसून मागचं डावं चाक पुसत होते. पुढच्या दोन चाकांना रंग द्यायचा की नवी घ्यायची, यावर आई आणि त्यांचं अजून एकमत झालेलं नाही. बोअर पुन्हा कमी येतोय, ते मात्र दोघांनीही मला जेवण झाल्यावरच सांगितलं.